रोज एक हाफ मॅरेथॉन

गेल्या पावसाळ्यात मी सह्याद्रीत एक ट्रेल मॅरेथॉन पळालो. ४२ किलोमीटर, दोन मोठे चढ, मध्ये दाट जंगल, पाऊस आणि घोट्यापर्यंत चिखल. सात तास चाळीस मिनिटं लागली. शेवटच्या दहा किलोमीटरला 'पळालो' म्हणणं हा पळण्याचा अपमान आहे, पण मेडल मिळालं. पुढचे चार दिवस ऑफिसचा जिना कठडा धरून आडवा आडवा उतरत होतो, ते सोडा.

दिवाळीत मेडल घेऊन वर्ध्याला गेलो. आजीने ते उलटंपालटं करून पाहिलं.

"धावाचे किती पैसे भेटले?"

"भेटले नाहीत आजी, भरले. अडीच हजार."

आजी थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "आपल्या पवनारचे विनोबाजी पायी दिल्लीले गेल्ते. एक रुपया नाही लागला त्याईले."

विकेट! विनोबा म्हटलं की मला शाळेतला भूदानाचा धडा आणि परीक्षेतली 'टीपा लिहा' एवढंच आठवायचं. पण आजीचं वाक्य डोक्यात राहिलं. सुट्टीचे दोन दिवस वाचण्यात घालवले आणि सवयीने वहीत आकडेमोड केली. ती खाली देतोय. धावणाऱ्या मित्रांनी जरा बसून वाचावी.

१९५१ साल. हैदराबादजवळ शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन होतं. विनोबा तेव्हा पवनारला धाम नदीकाठच्या आश्रमात 'कांचनमुक्ती'चा प्रयोग करत होते. म्हणजे पैसा वापरायचाच नाही. स्वतः खणायचं, पिकवायचं, तेच खायचं. आता पैसाच नाही तर रेल्वेचं तिकीट कुठून काढणार? म्हणून मार्चमध्ये चालत निघाले. सुमारे ३०० मैल, साधारण एक महिना. मधे पैनगंगा आणि आदिलाबादकडचा डोंगराळ, जंगलाचा मुलूख. दिवसाला सरासरी १६ किलोमीटर. वय ५५, पोटात अल्सर, आहार मुख्यतः दूध-दही. आमच्या ग्रुपमधले लोक जेल आणि सॉल्ट कॅप्सूलवर अर्धा तास चर्चा करतात.

संमेलन झाल्यावर ते तेलंगणात फिरले. तिथे कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा चालू होता. जमीनदार मारले जात होते, सरकारी फौजा खेड्यांत घुसत होत्या. १८ एप्रिल १९५१ ला पोचमपल्लीत दलित कुटुंबांनी ८० एकर जमीन मागितली. विनोबांकडे द्यायला काय होतं? त्यांनी ती मागणी गावापुढे ठेवली, आणि रामचंद्र रेड्डी नावाच्या जमीनदाराने उभं राहून १०० एकर देऊ केली. भूदान सुरू झालं ते असं. कुठलाही प्लॅन नव्हता. (आमच्या भाषेत सांगायचं तर रिक्वायरमेंट डॉक्युमेंटशिवाय प्रॉडक्शनला गेलेला प्रोजेक्ट. त्याचे परिणामही पुढे तसेच झाले, ते येतंच.)

आता आजीची दिल्ली. पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या मसुद्यावर बोलायला नेहरूंनी विनोबांना बोलावलं. विनोबा म्हणाले येतो, पण चालत. १२ सप्टेंबर १९५१ ला, म्हणजे ५६ वर्षं पूर्ण झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, ते पवनारहून निघाले. वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर. सातपुडा ओलांडून, नर्मदा पार करून २ ऑक्टोबरला, गांधीजयंतीच्या दिवशी, ते सागरला होते. तिथे त्यांनी पाच कोटी एकरांचं लक्ष्य जाहीर केलं. नोव्हेंबरच्या मध्याला दिल्ली.

अंतर सुमारे १२०० किलोमीटरच्या वर, दिवस साठ-बासष्ट. भागाकार करा. दिवसाला वीस किलोमीटर. सलग दोन महिने रोज जवळजवळ एक हाफ मॅरेथॉन! आणि हे नुसतं चालणं नव्हे. पहाटे अंधारात कंदिलाच्या उजेडात निघायचं, उन्हं तापायच्या आत पुढचं गाव गाठायचं, दुपारी लोकांना भेटायचं, सभेत जमीन मागायची. घरात पाच मुलं असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या, अशी मागणी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वर्ध्याला ते परत आले ते १९६४ च्या एप्रिलमध्ये. तेरा वर्षांनी.

आमच्या ट्रेलवर दर काही किलोमीटरला पाणी, केळी आणि टाळ्या वाजवणारे स्वयंसेवक असतात. विनोबांची फिनिश लाइन रोज एका अनोळखी गावात होती, आणि तिथे पोचल्यावर खरं काम सुरू व्हायचं. गाडीने गेलेला माणूस गावातून निघून जातो, चालणाऱ्याला कुणीही वाटेत थांबवू शकतं. पोचमपल्लीत नेमकं तेच झालं.

पण इथे थांबलो तर हा लेख शाळेतल्या धड्यासारखाच होईल. चाळीस लाख एकरांच्या वर जमीन कागदावर मिळाली. त्यातली बरीच पडीक, खडकाळ किंवा कोर्टात अडकलेली निघाली, आणि खूपशी वाटलीच गेली नाही. पाच कोटी तर दूरच. हे वाचून मी आजीला विचारलं, आपल्याकडून कुणी दिली होती का?

"माह्या बापानं देल्ली ना. तीन एकर." मग थोडं थांबून, "बरडाची. काळी कोन देते बाप्पा?"

बरड म्हणजे मुरमाड, हलकी जमीन. पणजोबांनी दान केलं खरं, पण कपाशीची काळी जमीन घरात ठेवून.

दुसऱ्या दिवशी पहाटे पळत तिकडे गेलो. सेलू तालुक्यात, टेकडीच्या पायथ्याशी. पलीकडे बोरचं जंगल. ते २०१४ पासून व्याघ्रप्रकल्प आहे, त्यामुळे आत पायी जायची सोय नाही आणि माझी हिंमतही नाही. आजीने सांगितलेल्या खुणेच्या चिंचेशी थांबलो. ज्या कुटुंबाला ती जमीन मिळाली त्यांचा नातू, माझ्याच वयाचा, तुरीत फवारा मारत होता. बांधाला वेचलेल्या दगडांची कमरेएवढी रास. तीन पिढ्यांनी वेचलेले दगड. कुणाचा म्हणून सांगितल्यावर तो हसला आणि म्हणाला, "दगडं तुमच्या पणज्यानंच देल्ले."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याने पाणी दिलं. मी विचारलं, पीक येतं का? "आता येते," तो म्हणाला.

परत येताना सात किलोमीटर चालतच आलो. घड्याळ बंद करून. मेडल वर्ध्यालाच ठेवलंय, आजी त्याने खिडकी उघडी अडकवते.

असो. पुढच्या रेसची नोंदणी सुरू झाली आहे. बहुतेक भरीन. पण आजीला फी सांगणार नाही.