श्रोत्याची जागा

सेमिनरीत शिकत असताना, १९९० च्या सुमारास, रेक्टरांची परवानगी घेऊन आम्ही एकदा पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवास गेलो होतो. शाळेचे पटांगण, डिसेंबरची थंडी, खाली सतरंजी. शेजारी एक पोस्टमन सपत्नीक बसले होते. उत्तररात्री त्यांनी आम्हांस थर्मासमधला चहा दिला आणि आता ललत येईल असे भाकीतही केले. ललतच आला. हे कोठे शिकलात, असे विचारता ते हसले. ‘‘शिकवणार कोण फादर? दरवर्षी येऊन बसतो, झाले.’’ आम्ही अद्याप फादर झालो नव्हतो, हे सांगायचे राहूनच गेले. पण या गृहस्थांच्या आजोबांना अशा मैफलीत बसता आले असते काय, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात आहे.

बहुधा नसते. एकोणिसाव्या शतकात ख्यालगायन ऐकावयाचे तर संस्थानिकाच्या दरबारी किंवा एखाद्या धनिकाच्या दिवाणखान्यात प्रवेश हवा. देवळांच्या उत्सवांत गाणे होई, परंतु तेथेही पुढे कोणी बसावे आणि बाहेर कोणी उभे राहावे हे जातीने ठरविलेले असे. सामान्य माणसाच्या वाट्याला येई ते भजन, कीर्तन आणि तमाशा. घरंदाज स्त्रीने मैफलीस जाणे तर अब्रूचा प्रश्न. मुंबईत १८७० मध्ये पारशी गृहस्थांनी गायन उत्तेजक मंडळी काढली, पुण्यात १८७४ मध्ये गायन समाज निघाला. सुशिक्षितांनी गाणे ऐकावे ही खटपट तेथून सुरू झाली, तरी ती शिकल्यासवरल्यांच्या वर्तुळातच फिरत राहिली.

हे वर्तुळ मोडण्याचे श्रेय मुख्यतः पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे. कुरुंदवाडचा हा मुलगा फटाक्याच्या अपघाताने दृष्टी अधू होऊन मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकला. आपल्याला समारंभाचे आमंत्रण येते आणि गुरुजींना मात्र ‘ते काय, गवई’ म्हणून वगळतात, हे त्यांना लागले असे सांगतात. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली. पुढे सौराष्ट्रात त्यांनी अल्पसे तिकीट लावून जाहीर जलसा केला. जाणत्यांनी नाके मुरडली असतील. गाणे काय बाजारात विकावयाचे? आम्हांस मात्र वाटते की त्या तिकिटाने दोघांची मान वर झाली. गवई कोणाचा आश्रित उरला नाही आणि चार आणे देणारा श्रोता कोणाचा उपकृत राहिला नाही. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले आणि १९०८ मध्ये ते मुंबईस आले. जलसे आणि देणग्यांवर चाललेला हा संसार अखेर कर्जात बुडाला, मुंबईची इमारत लिलावात गेली आणि १९३१ मध्ये मिरजेसच त्यांनी देह ठेवला.

एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. गाण्याला कुलीन करताना ज्यांनी ते पिढ्यान्पिढ्या सांभाळले त्या कलावंतिणी आणि कित्येक खाँसाहेब थोडे बाजूस सारले गेले. श्रोत्यांसाठी दार उघडताना आत असलेल्यांना धक्का बसला.

मराठी माणसाचा कान मात्र खरा तयार केला तो नाटकाने. १९११ च्या ‘मानापमाना’च्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, १९१६ च्या ‘स्वयंवरा’च्या भास्करबुवा बखल्यांच्या. बालगंधर्वांना ‘वन्स मोअर’ देणाऱ्या पिटातल्या कारकुनाने दरबार कधी पाहिला नव्हता. यमन आणि बिहाग मात्र त्याच्या ओठांवर होते. पुढे रेडिओने घरच मैफलीचे केले. १९५२ पासून आकाशवाणीचा राष्ट्रीय संगीत कार्यक्रम सुरू झाला आणि मैफलीस जाण्याची मुभा नसलेली गृहिणी स्वयंपाकघरात बसून उस्तादांना ऐकू लागली.

साऱ्यांनाच हे रुचले नाही. गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर रेडिओला दूर ठेवीत, ध्वनिमुद्रणही बेताचेच करीत. समोर बसलेल्या जाणकारांखेरीज आपले गाणे कोणाच्या कानी पडावे, याविषयी त्या फार काटेकोर. दैवाचा खेळ असा की १९७७ मध्ये अंतराळात गेलेल्या व्हॉयेजर यानांवरील तबकडीत भारताचे म्हणून गाणे गेले ते केसरबाईंच्याच भैरवीचे. त्याच वर्षी सप्टेंबरात त्या निवर्तल्या.

सवाई गंधर्व १९५२ मध्ये गेले आणि १९५३ पासून त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी पुण्यात गुरूंच्या स्मरणार्थ हा महोत्सव आरंभिला. रात्रभर गाणे, पहाटे भैरवी आणि सर्वांत शेवटी गुरूंचीच ध्वनिमुद्रिका. श्रोते पांघरूण घेऊन येत, मध्येच डुलकी काढीत, आवडता गवई आला की उठून बसत. मग २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. चर्चच्या मैदानातील नाताळची मध्यरात्रीची मिसा कोठे कोठे अलीकडे ओढावी लागली ती याच नियमामुळे, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. वर्षातून काही थोड्या दिवसांपुरती मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते, पण पहाट काही परत आली नाही.

महोत्सव आता बहुतेक दिवशी दुपारी सुरू होऊन रात्री दहास आटोपतो. याचा एक लाभ आम्ही नाकारीत नाही. मुलतानी, पटदीप, भीमपलास हे दुपारचे राग रात्रीच्या मैफलीत क्वचितच गाइले जात. त्यांना आता मोठा श्रोतृवृंद लाभतो. दरबारी आणि ललत मात्र पटांगणावरून हद्दपार झाल्यासारखेच.

मध्यंतरी एकदा आम्ही पुन्हा गेलो. कामाचा दिवस, दुपारचे चार, मुलतानी रंगत होता. भोवती बहुतांशी पेन्शनर आणि काही विद्यार्थी. खाकी कपड्यातला कोणी दिसतो का, म्हणून आम्ही सहज पाहिले. त्या वेळी टपालाची बटवड अद्याप संपावयाची असते.