मिहानमध्ये एका वाटीचे जेवण

वजन उतरवण्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहास बहुतेक वेळा सर्जनांच्या नावांनी सांगितला जातो. तो जेवणाच्या ताटावरून सांगावा, असे माझे म्हणणे आहे; कारण या विद्येतली प्रत्येक पद्धत टिकली किंवा बाद झाली ती नंतर माणूस काय आणि कसा जेवू शकला यावर. १९५४ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात क्रेमेन आणि लिनर या डॉक्टरांनी लहान आतड्याचा मोठा भाग बाजूला ठेवून उरलेली टोके जोडण्याची पद्धत मांडली. माणसाने हवे ते खावे, शरीराने मात्र ते शोषू नये, असा त्यामागचा हिशेब होता. वजने उतरली खरी, पण पाठोपाठ सततचे जुलाब, मुतखडे आणि यकृताचे गंभीर विकार आले आणि ही पद्धत सोडून द्यावी लागली. जेवण आहे तसे ठेवून वजन तेवढे काढून घेण्याचा प्रयत्न तिथे फसला. आयोवा विद्यापीठातले एडवर्ड मेसन १९६६ साली दुसऱ्या वाटेने गेले. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचे वजन काही केल्या वाढत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले होते. थोडक्यात पोट भरणे, गोड खाल्ल्यावर घाम सुटून धडधडणे, ही अल्सरच्या रुग्णांची गाऱ्हाणी होती. मेसन यांनी त्यांतून लठ्ठपणावरचा उपाय उभा केला. म्हणजे ही शस्त्रक्रिया जन्मालाच आली ती शस्त्रक्रियेनंतरच्या जेवणाच्या अनुभवातून.

आज जास्त चालणाऱ्या ‘स्लीव्ह’मध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग काढतात, ‘बायपास’मध्ये जठराची सुमारे ३० मिलिलिटरची पिशवी उरते. शस्त्रक्रियेनंतर पहिले एकदोन दिवस घोटघोट पाणी, मग सुमारे दोन आठवडे पातळ पदार्थ, त्यानंतर घोटलेले, मग मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे अन्न. आपल्याकडच्या घरांना हा क्रम नवा वाटू नये. ताप उतरलेल्या माणसाला पेज, मग वरणाचे पाणी, मग मऊ भात देणारी घरे विदर्भात गावोगाव आहेत. पण या जुन्या शहाणपणाची एक उणीव मोकळेपणाने सांगायला हवी. त्याची लय बरोबर आहे, आशय अपुरा आहे. पेज, आंबील, मऊ भात ही सगळी पिष्टमय खाणी. शस्त्रक्रियेनंतरच्या माणसाला दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिने लागतात, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस मुठीने गळू लागतात. वाटीभर वरणातून पाच-सहा ग्रॅम मिळतात, एका अंड्यातून सहा. पोटात एका वेळी वाटीभरच मावत असेल, तर शाकाहारी माणसाला दही, पनीर, सोयाबीन आणि बहुधा प्रथिनांची पावडर यांची रोज जुळवाजुळव करावी लागते. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही; प्रत्येक घास लापशीसारखा होईपर्यंत चावायचा; बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आयुष्यभर. बाईला दिवस जाणार असतील तर वर्ष-दीड वर्ष थांबावे, असे डॉक्टर सांगतात. टाके महिन्याभरात भरून येतात. बरे होणे मात्र रोज दिवसातून पाच-सहा वेळा, लोकांच्या देखत, जेवताना घडत असते.

म्हणून ते कुठे घडते, हे महत्त्वाचे ठरते. नागपूरच्या दक्षिणेला, वर्धा रस्त्याच्या बाजूला, खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही या गावांची शेते होती. २००२ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली आणि सोनेगावच्या विमानतळाला जोडून मिहान हा औद्योगिक प्रकल्प उभा राहू लागला. ज्या रानात भाकर, तुरीचे वरण आणि ठेचा फडक्यात बांधून नेला जाई, त्या परिसरात आता टीसीएस आणि एचसीएलसारख्या कंपन्यांची संकुले, विमानदुरुस्तीचे केंद्र आणि एम्स आहे. एम्सचे लोकार्पण ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले. मार्च २०२५ मध्ये इथेच पतंजलीचा संत्र्याच्या रसाचा मोठा कारखाना सुरू झाला. एका पिढीच्या आत जेवणाची वेळ, जागा आणि सोबत तिन्ही बदलली. उन्हाच्या आणि बैलांच्या वेळेवर ठरणारी न्याहारी आता पाळीच्या वेळेवर ठरते, आणि अर्ध्या तासाच्या सुटीत कॅन्टीनची ठरीव थाळी संपवायची असते. ज्याला एक वाटी खायला पाऊण तास लागतो, त्याला या अर्ध्या तासात बसवायचे कसे, याचे उत्तर त्या संकुलांच्या आराखड्यात कुणी योजलेले नव्हते.

यावर कुणी म्हणेल, जुने गाव बरे होते असे सुचवायचे आहे काय? मुळीच नाही. ज्या विदर्भात मेळघाटची कुपोषित मुले आहेत, तिथे भुकेला विसरून पूर्वीच्या ताटाचे गोडवे गाणे हा अन्याय होईल. उलट, शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला आज सर्वांत जास्त छळणारी गोष्ट त्या जुन्या जगातूनच आली आहे, आणि ती म्हणजे आग्रह. पंगतीत पुरणपोळीवर तुपाची धार धरणारा हात मागे घ्यायचा नाही, पाहुण्याने ‘पुरे’ म्हटले की आणखी एक वाढायची, सावजीकडे नेलेल्या पाहुण्याचे ताट रिकामे दिसू द्यायचे नाही. अन्न कमी होते तेव्हा दुसऱ्याच्या ताटात आपल्या वाट्याचे वाढणे हा प्रेमाचा सर्वांत खरा पुरावा होता. त्या रीतीबद्दल मला आदरच आहे. पण तीच रीत लहान केलेल्या पोटावर चालवली की माणूस ओकतो, घामाघूम होतो, आणि घरचे म्हणतात, ‘आजारीच करून आणलं की!’ संत्रा बर्फीचा एक तुकडा किंवा ग्लासभर रस नव्या पिशवीतून झरकन आतड्यात उतरतो. मग धडधड, चक्कर, पोटात कळा. डॉक्टर याला डंपिंग म्हणतात. मेसन यांच्या आधी अल्सरचे रुग्ण जे सोसत होते तेच हे.

दुसरा आक्षेप कठोर आहे. हे श्रीमंतांचे चोचले. जिभेवर ताबा असता तर चाकू कशाला, असे उघड बोलले जाते. नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये, भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना, मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा नागपूरच्या घराघरांत हा विषय पहिल्यांदा मोकळेपणाने निघाला, असे मला वाटते. आणि चोचल्यांचा शिक्काही तेव्हापासूनच अधिक गडद झाला. त्याला पुराव्याने उत्तर आहे. स्वीडनमध्ये १९८७ पासून चार हजारांवर लठ्ठ माणसांचा मागोवा घेतला गेला. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचे वजन दहा वर्षांत जवळजवळ होते तिथेच राहिले. शस्त्रक्रिया झालेल्यांचे उतरलेले राहिले, आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्यांच्यातले मृत्यूही कमी आढळले. उतरलेले वजन शरीर भूक वाढवून परत मिळवू पाहते. निग्रह त्यापुढे वर्षानुवर्षे टिकत नाही, यात त्या माणसाची अब्रू जाण्यासारखे काही नाही. पण हाच पुरावा दुसरेही सांगतो. शस्त्रक्रिया झालेल्यांचेही वजन एकदोन वर्षांनंतर काही प्रमाणात परत चढले. भुकेची बाजू सर्जन सांभाळतो. वाढणाऱ्यांची, वेळेची, ताटाच्या मापाची बाजू भोवतालच्या माणसांकडे उरते. २०२५ मध्ये भारतात आलेल्या मौंजारो, वेगोव्ही या इंजेक्शनांनी शस्त्रक्रियेची गरज काहीशी घटेलही, पण ती घेणाऱ्यालाही थोडक्यातच पोट भरल्यासारखे वाटते, स्नायू त्याचेही झिजतात, आणि पंगतीत तोही तसाच अडचणीत येतो.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे, आणि तो मला सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो. अशा मोजक्या माणसांसाठी कॅन्टीनच्या ठेकेदाराने वेगळे ताट का मांडावे? माणसे मोजकी नाहीत. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले की भारतीय माणूस वजनाने कमी असूनही आतून चरबी बाळगून असतो. त्याला मधुमेह युरोपीय माणसापेक्षा कमी वजनावर गाठतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीने देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज दिला. अर्धे माप, जास्त प्रथिने, कमी गोड, आणि जेवायला पुरेसा वेळ ही त्या सगळ्यांचीच गरज आहे. शिवाय मिहानच्या शेजारीच, जामठ्याला, नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. पोटाच्या कर्करोगामुळे ज्याचे जठर काढावे लागते, तोही पुढे असाच वाटीवाटीने, दिवसातून सहा वेळा जेवतो, गोडाला तसाच भितो, आणि बी-१२ची सुई आयुष्यभर घेतो. अर्ध्या किमतीची अर्धी थाळी, तिच्यात उसळ किंवा अंडे, आणि पाळीच्या मध्ये दहा मिनिटांची एक जास्तीची सुटी, एवढे ठेक्याच्या कागदात लिहायला कुठल्याही सर्जनची गरज लागत नाही.