परळ, १९८३: हाडांतल्या विरजणाची गोष्ट

दिघ्यातून रेकॉर्ड होणाऱ्या आपल्या पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. लोकलच्या खडखडाटात ज्यांना ऐकू येत नाही, त्यांनी निवांत वाचा.

आजचा विषय स्टेम सेल, मराठीत मूलपेशी. नाव ऐकलं की वाटतं, हे काहीतरी परदेशातलं, अजून यायचं असलेलं. पण एक तारीख सांगतो. २० मार्च १९८३. ठिकाण परळ, टाटा मेमोरियल हॉस्पिटल. पेशंट नऊ वर्षांची एक मुलगी, आजार रक्ताचा कर्करोग. डॉ. सुरेश अडवाणी आणि त्यांच्या टीमनं तिच्या भावाची अस्थिमज्जा घेऊन तिला दिली. भारतातलं हे पहिलं यशस्वी बोन मॅरो ट्रान्सप्लांट मानलं जातं. म्हणजे मूलपेशींचा उपचार आपल्या शेजारी चाळीस वर्षांहून जास्त काळ चालू आहे.

आता अस्थिमज्जा म्हणजे काय? मटणाची नळी चोखताना आतून जो मऊ गर येतो ना, तीच. आपल्याही हाडांत ती असते आणि रक्त तिथंच तयार होतं. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. त्यामुळे मोठ्या माणसाच्या शरीराला रोज सुमारे २०,००० कोटी नव्या लाल पेशी बनवाव्या लागतात. शिवाय जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट वेगळ्याच.

एवढं सगळं येतं मज्जेतल्या थोड्याशा मूलपेशींपासून. त्यांचं काम समजायला घरातलं विरजण आठवा. रोज दही लावतो, रोज खातो, पण चमचाभर उद्यासाठी ठेवतो. म्हणून दही संपत नाही. मूलपेशी हेच करते. ती विभागते, तेव्हा तिच्यापासून पुढे रक्ताच्या पेशी बनतात आणि तिच्यासारख्याच मूलपेशीही मागे शिल्लक राहतात. कातडीत, आतड्याच्या अस्तरात अशाच त्या-त्या जागेच्या मूलपेशी असतात. म्हणून खरचटलेलं भरून येतं.

हे कळलं कसं? त्याची सुरुवात वाईट आहे. १९४५ मध्ये हिरोशिमावर बॉम्ब पडला. स्फोटातून वाचलेली कितीतरी माणसं काही आठवड्यांनी रक्तस्राव आणि जंतुसंसर्गानं गेली. किरणोत्सारानं त्यांची मज्जाच मारली होती. विरजणच गेलं, तर दही कुठून लागणार? मग प्रश्न आला: दुसऱ्याचं विरजण आणून घातलं तर?

१९५६ मध्ये अमेरिकेत डॉ. ई. डॉनल थॉमस यांनी एका कर्करोगाच्या पेशंटला त्याच्या जुळ्या भावंडाची मज्जा दिली आणि ती रुजली. पण जुळं भावंड सगळ्यांना थोडंच असतं! १९६१ मध्ये टोरंटोच्या टिल आणि मॅककलक यांनी किरणोत्सार दिलेल्या उंदरांना मज्जेच्या पेशी टोचल्या. उंदरांच्या प्लीहेवर गाठी उठल्या. पुढे दिसलं, की एक अख्खी गाठ एकाच पेशीपासून बनली आहे आणि तिच्यात रक्ताच्या वेगवेगळ्या पेशी आहेत. मूलपेशी हा आता नुसता अंदाज राहिला नाही. थॉमस यांना १९९० मध्ये नोबेल मिळालं.

याच थॉमस यांच्याकडे, सिअॅटलला, डॉ. अडवाणी शिकून आले. लहानपणी पोलिओ झालेला, व्हीलचेअरवरून काम करणारा, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजचा हा डॉक्टर.

ट्रान्सप्लांट म्हटलं की आपल्याला मोठं ऑपरेशन वाटतं. प्रत्यक्षात पेशंटवर कापाकापी नसते. आधी जोरदार औषधांनी, कधी रेडिएशननं, जुनी बिघडलेली मज्जा संपवतात. भांडं घासून घेतात म्हणा ना. मग दात्याच्या पेशी रक्ताच्या बाटलीसारख्याच शिरेतून चढवतात. त्या रक्तातून फिरत आपोआप हाडांत जाऊन बसतात. त्यानंतरचे दोन ते चार आठवडे खरे कठीण. जुनं रक्त बनत नाही, नवं अजून सुरू झालेलं नाही, आणि साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो. १९८३ मध्ये परळला हे सगळं पहिल्यांदा सांभाळायचं होतं.

२००७ पासून टाटा मेमोरियलचं हे युनिट खारघरला, अॅक्ट्रेकमध्ये आहे. दिघा गाव स्टेशनवरून पनवेल लोकल पकडली की खारघर त्याच गाडीवर. २०२४ मध्ये आपलं स्टेशन सुरू झाल्यापासून तर ठाण्याला किंवा ऐरोलीला जायचीही गरज नाही.

हा इतिहास आज का सांगतोय? आमच्या ओळखीतल्या एका घरात बाळंतपणाच्या आधी एका कंपनीचा माणूस आला. बाळाच्या नाळेतलं रक्त जपून ठेवा, पुढे कुठलाही आजार झाला तर बाळ स्वतःच्याच पेशींनी बरं होईल, म्हणाला. हप्त्यांची सोय होती. नवरा-बायको दोघंही एमआयडीसीत कामाला. सही करायच्या बेतात होते.

आता विरजण आठवा. बाळाला थॅलेसेमियासारखा जन्मजात रक्ताचा आजार असेल, तर दोष त्याच्या स्वतःच्या मूलपेशीतच असतो. तेच विरजण परत लावून काय उपयोग? तिथं दुसऱ्याचंच लागतं. म्हणूनच आयसीएमआर अशा खासगी साठवणुकीची शिफारस करत नाही. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार मूलपेशींचा मान्य उपचार रक्ताच्या ठरावीक आजारांपुरता आहे. मधुमेह, ऑटिझम अशांवर तो फक्त मंजुरी घेतलेल्या क्लिनिकल ट्रायलमध्येच करता येतो. कुणी तुम्हाला पॅकेज सांगत असेल, तर आधी ट्रायलचा नोंदणी क्रमांक मागा.

आणि खरी अडचण आहे दाता मिळण्याची. सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता फक्त २५ टक्के. त्या मुलीचं नशीब, भाऊ जुळला. आता अर्धं जुळणाऱ्या आई-वडिलांच्या पेशीही वापरता येतात, तरी अनेकांना बाहेरचा दाता लागतो. तो बहुतेक वेळा आपल्याच समाजगटात सापडतो, कारण जुळणी वारशानं येते. म्हणजे जर्मनीच्या यादीत लाखो नावं असून आपल्या पोराला त्यांचा फारसा उपयोग नाही. आपलीच नावं यादीत हवीत.

नोंदणीला गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून नमुना देतात. वय साधारण १८ ते ५० चालतं. पुढे कधी जुळलंच, तर बहुतेक वेळा पाच दिवस इंजेक्शनं घेऊन प्लेटलेट देतात तसं काही तास बसून रक्तातूनच पेशी द्यायच्या. त्या काळात अंग दुखतं, हे लपवत नाही. पण दिलेल्या पेशी शरीर पुन्हा बनवतं. शेजारणीला चमचाभर विरजण दिलं, म्हणून आपलं दही कधी कमी पडलंय का?

घरी बोला, मित्रांना विचारा, आणि नोंदणी करायचं ठरलं तर आधीच नीट विचार करा. कारण पेशंटची जुनी मज्जा संपवल्यावर दात्यानं नाही म्हटलं, तर त्या माणसाकडे दुसरा मार्ग उरत नाही.

भेटू पुढच्या भागात.