राखाडी की पारवा?

भिंतीला ग्रे रंग द्यायचा म्हटलं की घरातल्या थोरल्या बायका नाक मुरडतात. ‘कापोत लेश्या घरात कशाला?’ असं आमच्या बेळगावकडे मी ऐकलंय. कापोत म्हणजे कबुतराच्या रंगाची. सहा लेश्यांत ती तिसरी, आणि कृष्ण, नील, कापोत या तिन्ही अशुभ, हे खरंच. पण तिघींत तीच सौम्य. शिवाय भावलेश्या जीवाच्या परिणामांची असते, भिंतीची नव्हे.

कबुतरालाच आपण पारवाही म्हणतो. त्यावरून ‘पारवा’ रंग आला आणि चुलीतल्या राखेवरून ‘राखाडी’. दुकानदार दोन्हींना ग्रेच म्हणतो, पण पारव्यात निळसर झाक असते, राखाडीत पिवळट-तपकिरी. जुन्या रंगाऱ्याला हे हाताने ठाऊक असे. पांढऱ्या चुन्यात नुसती काजळी घातली की रंग निळसर दिसतो. जोडीला चिमूटभर पिवळी माती पडली की राखेकडे झुकतो. 1820च्या दशकात फ्रान्समध्ये कृत्रिम नीळ तयार झाली, पुढे ती स्वस्त झाली आणि धुण्यात तशीच चुन्यातही पडू लागली.

आपल्या घरांना मात्र छटेआधी दुसरा प्रश्न होता. चुना कपड्यांना लागू नये म्हणून त्यात डिंक किंवा सरस घालत. डिंक झाडाचा, सरस जनावरांची हाडं-कातडी उकळून काढलेला. म्हणजे अहिंसेचा निर्णय रंगाच्या बादलीतच व्हायचा! आजच्या इमल्शनमध्ये चिकटपणा बहुधा कृत्रिम राळेचा असतो, तरी डिस्टेंपर घेताना विचारायला काय हरकत आहे? डब्यावर शिशाचं प्रमाणही बघा. 2017च्या नोव्हेंबरपासून घरगुती रंगांत ते दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त चालत नाही.

आता निवड. उत्तरेच्या खोलीत थेट ऊन कमी, तिथे पारवा आणखी थंड, उदास वाटतो, राखाडी बरा. दक्षिण-पश्चिमेच्या उन्हात राखाडी पिवळा पडल्यासारखा दिसतो, तिथे पारवा शोभतो. दोन्ही रंग पुठ्ठ्यावर लावून भिंतीला टेकवा. बाकीच्या घरांत दिव्याखाली पारखतात. आपलं जेवण सूर्यास्ताआधी, तेव्हा जेवणघराचा रंग उतरत्या उन्हातच पारखावा. सासूबाईंनाही तेव्हाच बोलवा. रंग बघून झाला की लेश्येची चर्चा ताटावर होऊ दे.