फोर्डसनच्या चार कॉइल

इंजिन ठोके सोडायला लागलं की लगेच नवी कॉइल घेऊ नका. 1917 साली अमेरिकेत निघालेल्या फोर्डसन ट्रॅक्टरला चार सिलिंडरच्या चार कॉइल असायच्या, लाकडी डब्यांत. पद्धत मॉडेल टी मोटारीचीच. डबी नीट बसली नाही की तो सिलिंडर मुका. चालक चालू इंजिनात एकेका कॉइलची थरथरती पत्ती बोटानं दाबायचे. आवाज बदलला नाही तर सिलिंडर तोच. मग ती कॉइल शेजारच्या घरात. बिघाड सोबत गेला तर कॉइल खराब. तिथंच राहिला तर प्लग, वायर नाहीतर बैठक. फुकटची परीक्षा!

आपल्या पेट्रोल वीडरला कॉइल एकच, अदलाबदल कुठली? मी आधी प्लग बघतो, मग कॉइल-फ्लायव्हीलमधली फट. मध्ये व्हिजिटिंग कार्ड धरून बोल्ट आवळायचे, कार्ड काढून घ्यायचं.