डंपरच्या उजव्या बाजूला

कोळसा खाणीतला अपघात म्हटलं की लोकांना चासनाला आठवतं. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या त्या खाणीत जुन्या कामांमध्ये साठलेलं पाणी फुटून आत घुसलं आणि पावणेचारशेच्या आसपास माणसं गेली. १९७९ मध्ये ‘काला पत्थर’ आला आणि अंधार, पाणी, अडकलेली माणसं हेच खाणीच्या अपघाताचं चित्र देशाच्या डोक्यात पक्कं बसलं.

मी चंद्रपूरजवळच्या एका कोलियरी कॉलनीत वाढलो. आमच्या घरात भीती असायची ती गाड्यांची.

बाबा नोकरीला लागले तेव्हा जमिनीखालच्या खाणीत हॉलेजवर होते. हॉलेज म्हणजे वर इंजिन, त्याला जाड पोलादी दोर, आणि त्या दोराला जोडलेली लोखंडी टबांची माळ. उतारावरून रिकामे टब खाली सोडायचे, भरलेले वर ओढायचे. आमच्या भागाला ही गाडी नवी नव्हती. १८७०च्या दशकात वरोऱ्याला सरकारी खाण सुरू झाली, ती १९०६ मध्ये बंद पडली. तोवर बल्लारपूर भागात काम सुरू झालेलं होतं. कोळसा खणला की तो बाहेर आणावाच लागतो, आणि जिथे वजनदार वस्तू उतारावर हलते तिथे ती कधीतरी सुटतेही. दोर तुटतो, दोन टबांमधली कडी निसटते, रुळावरून घसरलेला टब खांदा लावून उचलताना बोटं सापडतात. इंग्लंडच्या जुन्या खाणींतही छत कोसळण्याच्या खालोखाल माणसं मारणारी गोष्ट हीच होती, वाहतूक.

तरी त्या काळाने एक शहाणी गोष्ट केली होती. हॉलेजच्या रस्त्यालगत भिंतीत कोनाडे खोदायचे. त्यांना मॅनहोल म्हणतात (गटाराचं नव्हे). उंची १.८ मीटर, खोली १.२ मीटर, रुंदी जेमतेम एका माणसाची. १९५७ च्या कोळसा खाण नियमावलीत ही मापं आहेत. दोन कोनाड्यांमध्ये साधारण दहा मीटरपेक्षा जास्त अंतर नको, चढ सौम्य असेल तर वीस चालेल. आत आणि तोंडाभोवती चुना लावायचा, म्हणजे टोपीवरच्या दिव्याच्या उजेडात तो पांढरा चौकोन लांबून दिसतो. टब सुटल्याचा आवाज आला की चार-पाच पावलांत भिंतीत शिरायचं. बाबा सांगायचे की चालताना त्यांच्या डोक्यात सारखं एकच असायचं, मागचा कोनाडा जवळ की पुढचा.

मला हा नियम फार आवडतो. गाडी सुटणार आणि माणूस चुकणार, हे तो आधीच मान्य करतो.

मग खाण वर आली. १९७३ मध्ये कोळशाचं राष्ट्रीयीकरण पूर्ण झालं, १९७५ मध्ये कोल इंडिया स्थापन झाली. त्या सुमारास देशातला साधारण पाव कोळसा उघड्या खाणींतून, म्हणजे ओपनकास्टमधून, यायचा. आज कोल इंडियाचा नव्वद टक्क्यांहून जास्त कोळसा तिथूनच येतो. उमरेड, दुर्गापूर, पद्मापूर, सास्ती ही आमच्याकडची नावं. वरची माती आणि दगड हटवायचे, कोळसा उघडा करायचा, शॉवेलने डंपरमध्ये भरायचा. डोक्यावर छतच नाही, तर ते पडणार कुठून? उघड्या खाणीत माणसं कमी मरतात हे खरंच आहे, आणि ते मान्य करायलाच हवं. पण जी मरतात, त्यांच्यातल्या फार मोठ्या वाट्याला डंपर, टिपर आणि इतर फिरती यंत्रं कारण असतात.

बाबांची बदली ओपनकास्टला झाली, डंपमॅन म्हणून. डंपर मागे घेत माती टाकायला येतो तेव्हा कड्यापाशी उभं राहून त्याला खुणा करायचं काम. घरी आनंद झाला. उजेडात काम, उघडी हवा.

मी पहिल्यांदा शंभर टनी डंपरच्या शेजारी उभा राहिलो तेव्हा त्याचं चाक माझ्या डोक्याच्या बरंच वर गेलं होतं, अडीच मीटरहून जास्त. चालकाची केबिन वर, डाव्या बाजूला. आपल्या रस्त्यांवर चालक उजवीकडे बसतो, इथे उलटं. त्यामुळे डंपरच्या पुढच्या उजव्या अंगाला जमिनीचा मोठा तुकडा असा असतो, जो चालकाला दिसतच नाही. तिथे माणूस उभा असला, अगदी जीप उभी असली, तरी वरून दिसतो तो रिकामा रस्ता. म्हणूनच खाणीतल्या जीपना उंच काठीवर झेंडा लावतात.

मागे घेतानाचे अपघात वेगळे. कड्यावरची माती भुसभुशीत, बांध ढासळलेला, आणि डंपर माणसासकट खाली. डाला वर करून त्याखाली काम करायचं आणि टेकू लावलेला नसायचा, हा आणखी एक प्रकार. रात्रपाळीत पहाटे तीन-चारला धूळ, धुकं आणि झोप एकत्र येतात.

आमच्या लायनीतले एक काका फिटर होते. एका रात्रपाळीत थांबलेल्या डंपरच्या उजव्या चाकापाशी वाकून ते होज बघत होते. चालकाने नियमाप्रमाणे हॉर्न दिला, थांबला, आणि गाडी पुढे घेतली. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. काकूंना काकांच्या जागी नोकरी लागली, कार्यालयात पाणी देण्याची. तो चालक नंतर पुष्कळ दिवस आमच्या गल्लीतून जाताना सायकलवरून उतरून चालत जायचा.

खाण सुरक्षा महासंचालनालय दहा किंवा अधिक मृत्यू झाले तरच अपघाताला ‘डिझास्टर’ म्हणतं. या खात्याची सुरुवात १९०२ ची, म्हणजे शतकाहून जास्त काळाच्या नोंदी तिथे आहेत. पण डंपर एका वेळी एकालाच मारतो. तो कोष्टकातल्या आकड्यात असतो, आपत्तींच्या यादीत कधीच येत नाही. चौकशी आयोग नाही, सिनेमा नाही, स्मारक नाही.

नियम झाले, नाही असं नाही. दुतर्फा रस्ता सर्वात मोठ्या गाडीच्या रुंदीच्या तिप्पट तरी हवा. चढ सोळास एकपेक्षा तीव्र नको, छोट्या रॅम्पचा अपवाद. कडेला बांध. २०१७ मध्ये नवी नियमावली आली. मागे जाताना वाजणारा गजर, कॅमेरा, जवळ कोणी आलं की इशारा देणारी यंत्रणा, हे सगळं हळूहळू येतंय. पण त्याच काळात माती काढण्याचं काम कंत्राटदारांकडे गेलं आणि खाणीत हायवेवरचे टिपर शेकड्याने उतरले. चालक सहा महिने इथे, सहा महिने तिथे. १९६६ च्या नियमांप्रमाणे प्रत्येकाला प्रशिक्षण मिळायला हवं. पण खेपेवर पैसे मिळणारा माणूस वळणावर ब्रेक किती दाबेल, हे कुठल्या वर्गात शिकवणार?

आणि कोनाडा? उघड्या खाणीत भिंतच नाही, मग चुना लावलेला चौकोन कुठे काढणार? इथे लपायची जागा नाही, दिसायची सोय करावी लागते. सगळी भिस्त समोरच्याच्या नजरेवर.

बाबा आता निवृत्त आहेत. घुग्गुसच्या रस्त्याला कोळशाच्या ट्रकांची रांग असते तेव्हा ते रस्ता ओलांडताना मला दंडाला धरून थांबवतात. ट्रक उभा असला तरी. ते वर केबिनकडे बघत राहतात, चालक खाली बघेपर्यंत. मग हात वर करतात, तोही करतो, आणि आम्ही जातो.