उसना स्नायू

कोपर टेबलाच्या कडेला आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, ती अल्नार नस. कुष्ठरोगात घाव बहुतेकदा हिच्यावरच बसतो आणि बोटं आकडीसारखी वळतात. असा हात कामातून गेला, असंच सगळे धरून चालत.

१९४७च्या सुमारास तमिळनाडूतल्या चेंगलपट्टूच्या कुष्ठरुग्णालयात सर्जन पॉल ब्रँड यांनी अशाच एका वाकड्या हाताशी हस्तांदोलन केलं. पकड इतकी जबरदस्त, की ते चमकले. मला या सगळ्या गोष्टीत हा क्षणच आवडतो.

तुमची मूठ आवळून बघा. कोपराखाली गोळा उठतो. पकडीचा जोर तिथला. त्यातल्या बहुतेक स्नायूंना चालवणारी मीडियन नस कोपरापाशी शाबूत होती. लुळे पडले होते तळहातातले बारके स्नायू. बोट वाकवायला कंडरा दोन असतात, त्यातली एक काढली तरी भागतं. वेल्लोरला ब्रँडनी ती उसनी घेतली, चिरून चार केल्या आणि चारही बोटांना जोडल्या. बोटं सरळ होऊ लागली.

संवेदना मात्र परतली नाही. सरळ झालेला हात तापलेलं भांडं बिनदिक्कत उचलायचा. म्हणून रुग्णांना आणखी एक सवय लावावी लागली: रोज आपले हात डोळ्यांनी तपासायचे.